बाईच्या मापाची रायफल

आमच्या घरात तीन रायफली होत्या, आणि माझ्या अप्पांनी त्यांतल्या एकीनंही कधी साधी चिमणी मारली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण रायफली म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आम्ही कुणी जहागीरदार असू. अप्पा टेलर होते. सोलापूरच्या नवी पेठेत कापडदुकानांच्या ओळीत, एका जिन्याखालच्या अरुंद जागेत त्यांचं दुकान होतं. कोट, जाकिटं आणि लग्नसराईत शेरवान्या. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. घर तिथून चालत दहा मिनिटांवर, यंत्रमागांच्या गल्लीला लागून. सकाळी सातला मागांचा खडखडाट सुरू झाला की घरातली माणसं आपोआप वरच्या पट्टीत बोलू लागायची. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडं सारखी भांडणं चालतात काय? भांडणं नसायची. आमचा आवाजच तसा झाला होता.

रायफलींची ओढ अप्पांना लागली ती एका कोटामुळे. अक्कलकोटच्या बाजूचे एक म्हातारे इनामदार त्यांच्याकडून कोट शिवून घेत. पाय सुजायला लागल्यापासून त्यांना सोलापूरला येणं होईना, म्हणून अप्पाच टेप घेऊन त्यांच्या घरी जायचे. एकदा माप घेता घेता अप्पांची नजर भिंतीवरच्या रायफलीवर गेली. इनामदार म्हणाले, "घे की हातात. चावत न्हाय ती." अप्पांनी ती खांद्याला लावली, मागच्या लाकडी दस्त्यावर गाल टेकवला, तर डोळा नळीच्या रेषेत येईना. मान लांबवावी लागत होती, हात ताणला जात होता. दुसऱ्याचा कोट अंगात घातल्यावर काखेत जसं ओढतं, तसंच सगळं ओढत होतं. अप्पांनी विचारलं, "साहेब, ही तुमच्या मापाची बेतलीय व्हय?" इनामदारांना हसू आलं. तरुणपणी मुंबईच्या एका दुकानात त्यांचं माप घेतलं होतं म्हणे: हाताची लांबी, मानेची उंची, गालाच्या हाडापासून डोळ्यापर्यंतचं अंतर. तो कागद विलायतेला गेला आणि दीड वर्षानं रायफल आली. अप्पा घरी आले ते हेच सांगत. "आगं, हे बी आपलंच काम की! लाकडात शिवलंय, एवढंच."

तोवर शिकारीवर बंदी आली होती. मोठ्या रायफलींची काडतुसंही मिळेनाशी झाली होती. जुन्या घरांमधल्या तरुण पोरांना ही अडगळ वाटू लागली, परवान्यांची कटकट नको झाली. इनामदारांच्या मुलाला ती घरातून काढायचीच होती, म्हणून म्हाताऱ्यानं ती अप्पांना दिली. कलेक्टर कचेरीत खेटे घालून अप्पांनी परवाना आपल्या नावावर करून घेतला. मग आणखी दोन आल्या. एक डावखुऱ्या माणसासाठी केलेली, गाल टेकवायची उशी उजव्या अंगाला असलेली. दुसरी होटगीच्या एका जुन्या रेल्वे कंत्राटदाराच्या घरातून आली. कुणा इंग्रज मडमेसाठी घडवलेली, हलकी, बारीक नळीची. परवान्यावर तीनच बसत होत्या, म्हणून अप्पा तीनवर थांबले. नाहीतर थांबले नसते.

रविवारी सकाळी अप्पांची लिंगपूजा झाली की लोखंडी कपाट उघडायचं. जमिनीवर धुतलेलं मांजरपाट अंथरायचं आणि त्यावर तिन्ही रायफली. त्या कामात मी त्यांची मदतनीस. नळीतून तेलाची चिंधी फिरवायची, दस्त्याला जवसाचं तेल लावायचं, तेही थेंब थेंब, तळहातानं चोळून, लाकूड गरम होईपर्यंत. अक्रोडाचं ते लाकूड तेल पिऊन असं उजळायचं की आतल्या रेषा हलल्यासारख्या वाटायच्या. तिकडे अव्वा, माझी आई, चुलीपाशी शेंगदाण्याची चटणी कुटत ओरडायची, "खायचं तेल लाकडाला पाजतात आन् भाकरी कोरडी खातात!" रविवारी हुग्गी असायची. गव्हाची ती गुळाची खीर आणि जवसाचं तेल, दोन्हीचे वास एकमेकांत मिसळलेले मला अजूनही नाकात येतात.

अप्पा मला बघायला शिकवायचे. हाताच्या पकडीखाली लाकडावर कोरलेल्या बारीक चौकड्या असतात, त्या भिंगातून मोजायला लावायचे. एकही रेष दुसरीवर चढलेली नसायची. "आता स्क्रू बघ," म्हणायचे. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला. "हे कुनी सांगितलं नव्हतं त्या कारागिराला. कुनाला दिसनार बी न्हाई. तरी केलं." परवा माझ्या भाच्यानं मोबाईलवर अशाच जुन्या रायफलींचे फोटो दाखवले, तेव्हा माझी बोटं फोटो मोठा करून आधी स्क्रूंपाशी गेली.

मडमेची ती रायफल मला नेमकी यायची. सोळाव्या वर्षी अप्पांनी पहिल्यांदा ती माझ्या खांद्याला लावली, गाल टेकवायला सांगितलं, आणि माझा डोळा सरळ नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीवर गेला. अप्पा दोन पावलं मागं सरकून, कोटाची फिटिंग बघावी तसे बघत राहिले. "नीला," ते म्हणाले, "तुज्या मापाची बाई हुती बघ ती." त्या घरात माझ्यासाठी म्हणून केलेलं तोवर काही नव्हतं. कपडेसुद्धा गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचे. मला वाटलं, ही माझी. पुढं जे झालं त्यात हे वाटणंही होतं, म्हणून लिहिते.

लाकडाचं काम नरसय्यामामा करायचे. तेलुगू सुतार, शहराच्या पूर्व भागातले. आयुष्यभर त्यांनी हातमाग आणि धोटे केले होते. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या सुतांतून आडवा पळणारा लाकडी तुकडा. त्याला केसाएवढा खडबडीतपणा चालत नाही, सूत तुटतं. यंत्रमाग आले, हातमाग गेले, आणि मामांचे हात रिकामे झाले. अप्पांनी त्यांना डावखुऱ्या रायफलीचा चिरलेला दस्ता दाखवला. मामांनी तो डोळे मिटून दोनदा चाचपला आणि म्हणाले, "ह्यो बी धोटाच की, मास्तर. मोटा हाय एवढंच." तेव्हापासून ते यायचे. परवाना नसलेल्या माणसाच्या घरी रायफल द्यायची नाही म्हणून अप्पा लोखंड काढून कपाटात ठेवत आणि नुसता दस्ता मामांपुढे देत. मामा आमच्या मागच्या पडवीत बसून काम करत. फार बोलत नसत. मला अम्मा म्हणत.

आणि बसूअण्णा. माझा भाऊ, पाच वर्षांनी मोठा, उंच, देखणा. अप्पांनी त्याला दुकानात बसवून टाके शिकवले होते, पण त्याला टेलरचा मुलगा म्हणवून घ्यायचं नव्हतं. कॉलेजातले त्याचे दोन मित्र जीपमधून फिरायचे. त्यांच्यात बसायचं तर आपल्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी हवं, एवढंच त्याच्या डोक्यात. माझ्यावर त्याची माया होती; मला तंगी म्हणायचा, कानडीत धाकटी बहीण. मला अकरावीला घालायला अव्वा तयार नव्हती, तेव्हा दोन दिवस न जेवता बसला होता तो माझ्यासाठी.

तो गुरुवार होता. अव्वा अक्कलकोटला दर्शनाला गेली होती, अप्पा दुकानात, आणि मी घरी अभ्यास करत होते. नरसय्यामामा सकाळपासून पडवीत इनामदारांच्या रायफलीच्या दस्त्याला तेल लावत होते. मागांची पाळी तीनला बदलते तेव्हा आवाज थोडा वेळ थांबायचा. त्या शांततेत मामा उठले, दस्ता माझ्या हवाली केला, पिशवीत पटाशी आणि कानस टाकून माझ्यादेखत निघून गेले. चारच्या सुमाराला बसूअण्णा आला.

"तंगी, किल्ली दे की कपाटाची."

किल्ली बटणांच्या डब्यात असायची. घरात ते अप्पांना आणि मला, दोघांनाच माहीत. मी म्हटलं, "कशाला?"

"मित्राचे काका आलेत. त्यांना जुन्या रायफलींतलं लई कळतं. मडमेची दाखवतो आन् दिवेलागणीच्या आत आणून ठेवतो."

"अप्पा बघतील."

"अप्पा रविवारी उघडतात. हे बघ, तुला पुण्याला शिकायला जायचंय ना? अप्पांना मी पटवतो. शपथ."

रायफल माझीच, मला देता येते, असं वाटून मी डबा पुढे केला. त्यानं रायफल अप्पांच्या जुन्या धोतरात गुंडाळली. त्या रायफलीबरोबर आलेली काडतुसांची छोटी पेटीही घेतली, हे मला दिसलं. दाखवायला काडतुसं कशाला, हे मी विचारलं नाही.

तो आला आठ वाजता, मोकळ्या हातांनी. तोंड पांढरं पडलेलं. "उद्या देतो," म्हणाला. उद्याही दिली नाही. शुक्रवारी मी त्याला मोरीपाशी गाठलं तेव्हा सगळं बाहेर आलं. माळावर गेले होते. जीपमधून एक काळवीट मारलं. वनखात्याचे रखवालदार धावून आले तेव्हा मित्रांनी जीप पळवली आणि यानं घाबरून रायफल ओढ्यात टाकली. माझा हात धरून तो लहान पोरासारखा रडला. "तू बोललीस तर मी संपलो. आन् किल्ली तूच दिलीस, हे बी निघंल." मी मान हलवली. कशाला हलवते आहे ते मला पुरतं कळलं नव्हतं, पण हलवली.

शनिवारी सकाळी पोलीस आले. रखवालदारांना ओढ्यात रायफल सापडली होती आणि नळीवरचा नंबर कचेरीतल्या नोंदीशी जुळला होता. अप्पा म्हणाले, "साहेब, माझी रायफल कपाटात हाय," आणि हसत हसत कपाट उघडलं. त्यानंतरचा त्यांचा चेहरा मला सांगता येणार नाही. कुलूप शाबूत, किल्ली डब्यात. फौजदार शांत माणूस होता, आवाज न चढवता विचारत होता. घरात कोण कोण असतं? बाहेरचं कोण येतं? गुरुवारी कोण आलं होतं? अप्पांनी खरं तेच सांगितलं. बाहेरचे म्हणजे फक्त नरसय्या. गुरुवारी होते. कपाट त्यांच्यादेखत उघडतो. "पण तो तसला माणूस न्हाई, साहेब." फौजदारानं वहीत लिहून घेतलं. बसूअण्णा दाराला टेकून उभा होता. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि माझ्या हातून ती परातीतच फाटत होती.

दुपारपर्यंत नरसय्यामामांना उचललं. रायफल चोरून शिकाऱ्यांना दिली, असा संशय. अप्पा दोनदा चौकीत जाऊन आले, दोन्ही वेळा त्यांना बाहेर बसवून ठेवलं. रविवारी कपाट उघडलं नाही, हुग्गी झाली नाही. सोमवारी दुपारी मामांची बायको लक्ष्मव्वा आमच्या दारात आली. घरात मी एकटीच होते. आत ये म्हटलं तरी आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"अम्मा, गुरुवारी तू घरी हुतीस की."

"हो."

"ह्ये तीनला घरी आले. मला म्हाईत हाय, पाळी बदलली तवा. रिकामे आले. पन माजं कोन ऐकतंय तितं? तू सांग. मामा कवा गेला, हातात काय हुतं, एवढंच. मास्तरासंगं चल, मी बी येते."

ती हात जोडत नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती. मला ते तीन वाजता थांबलेले माग ऐकू आले, मामांची पाठ दिसली, पिशवीतून वर आलेली कानशीची मूठ दिसली. मी म्हणाले, "मला आठवत नाही."

 लक्ष्मव्वा पदर डोक्यावर घेऊन गेली.

शाळेत मी अडतीस वर्षं शिकवलं. कितीतरी मुलं माझ्यासमोर उभी राहून खोटं बोलली. मी कधी कुणाला फार रागावले नाही, त्याचं सहकाऱ्यांना नवल वाटायचं. मला त्या मुलांच्या तोंडात आपलाच आवाज ऐकू यायचा.

मंगळवारी रायफल ओळखायला म्हणून अप्पांना चौकीत बोलावलं. तिथं काय झालं ते मला अप्पांकडूनच कळलं. टेबलावर ती ठेवली होती, चिखल वाळलेली. दस्त्याच्या मागच्या टोकाला कापडाची जाड घडी शिवून बसवलेली होती. फौजदाराला वाटलं, ती पहिल्यापासूनच असेल. अप्पांना एका नजरेत कळलं. रायफल बाईच्या मापाची, मारणारा उंच, लांब हातांचा. आखूड दस्ता त्याच्या खांद्याला पुरेना, म्हणून त्यानं घडी घालून तो वाढवला. कापड कोटाच्या छातीत घालतात ते कॅनव्हास होतं. आणि टाके तिरके होते, शेवटी गाठ न मारता दोरा उलटा फिरवून आत बसवलेला. गाठ टोचते म्हणून अप्पांनी स्वतः शोधलेली ती रीत. सोलापुरात ती तिघांनाच येत होती. एक अप्पा, दुसरा बसूअण्णा, तिसरी मी.

अप्पांनी चौकीत फक्त एवढंच म्हटलं, "रायफल माझीच. मी तासाभरात येतो. नरसय्याला तोवर हात लावू नका." घरी आले, चपला न काढता आत आले. अव्वानं ताट वाढलं होतं. ते बसले नाहीत.

"दोघांतलं कोण?"

 मी म्हणाले, "किल्ली मी दिली." अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "सदरा घाल," ते त्याला म्हणाले. अव्वानं त्यांचे पाय धरले. एकुलता एक हाय हो, त्यो म्हातारा सुटंल की दोन दिवसांत, त्याच्यावर काय शाबीत व्हणार हाय, असं ती कानडीत आणि मराठीत एकदमच बोलत होती. अप्पांनी तिचे हात सोडवले आणि मुलाला घेऊन पायी निघाले. जाताना बसूअण्णानं मागं वळून माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

नरसय्यामामा त्याच संध्याकाळी सुटले. खटला पुष्कळ वर्षं चालला. जीपवाल्या मित्रांची नावं कागदावर आलीच नाहीत. बसूअण्णाला शिक्षा झाली. ती भोगून तो हुबळीला गेला आणि तिकडचाच झाला. वर्षातून एखादं पत्र अव्वाच्या नावानं यायचं. उरलेल्या दोन्ही रायफली अप्पांनी, कुणी मागायच्या आधीच, मांजरपाटात गुंडाळून सरकारजमा केल्या. पावती सुद्धा नीट वाचली नाही. पुण्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही, कुणी विचारलंही नाही.

मामा सुटल्यावर आठ दिवसांनी अप्पा मला म्हणाले, "चल." पूर्व भागातलं ते दोन खोल्यांचं घर, दारात अर्धवट केलेलं कपाट. मामा खाटेवर बसले होते. उजव्या हाताची बोटं सुजून काळीनिळी झाली होती आणि मांडीवर ठेवलेला तो हात त्यांचा वाटतच नव्हता. अप्पा खाली जमिनीवर बसले. "नरसय्या, माझ्या घरानं तुला बुडवलं," एवढंच त्यांना बोलता आलं.

"तुमी काय केलं, मास्तर? तुमी पोराला हातानं नेऊन दिला."

मग अप्पांनी मला पुढं केलं. "हिनं किल्ली दिली हुती. भावाच्या भीतीनं गप राहिली. माफी मागायला आणलीय."

लक्ष्मव्वा चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "किल्लीचं ऱ्हाऊ द्या. मी हिच्या दारात आले हुते सोमवारी. इचारलं, मामा कवा गेला? हिनं सांगितलं, आठवत न्हाई."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणाले, "मला आठवत होतं. तीन वाजता गेले. पिशवीशिवाय हातात काही नव्हतं."

 मग नरसय्यामामा बायकोवर चिडले. माझ्यावर नाही, तिच्यावर. "तू कशाला गेलतीस इचारायला? मी तितं तीन दिवस हिचं नाव घेतलं न्हाई. लई इचारलं त्यांनी, घरात कोन हुतं, कोन बघितलं जाताना. मी म्हटलं, कोनी न्हाई. पोरीची जात, चौकीत बोलवतील, बसवून ठेवतील. तितं काय असतंय ते मी बघितलंय." आणि मला म्हणाले, "जा अम्मा, घरला जा. अभ्यास कर."

परत येताना अप्पा माझ्या चार पावलं पुढं चालत होते. पाळी बदलायची वेळ झाली होती, रस्ता माणसांनी भरला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले, मी जवळ येईपर्यंत थांबून राहिले, आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "लक्ष्मव्वाचं अव्वाला सांगू नको. तिला मुलगा न्हाई राहिला. मुलगी तरी राहू दे."

मी सांगितलं नाही. अव्वा ब्याण्णव वर्षांची होऊन यंदा चैत्रात गेली. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या नीलाला खोटं बोलता येत न्हाई.